रीडिंग जुळवण्याचे दिवस

मार्च लागला की आमच्या कॉलेजच्या तिसऱ्या मजल्याला वर्षभर नसलेली एक कळा येते. भानुदास, आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर, कपाटातून ब्युरेटी बाहेर काढतो. म्हणजे काचेच्या उभ्या मोजनळ्या. त्या धुऊन तो खिडकीत उलट्या लावून ठेवतो आणि सकाळचं ऊन त्यांतून फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडतं. अमोनियाचा, गॅसचा, ओल्या लाकडी टेबलांचा वास जिन्यापर्यंत येतो. खाली रस्त्यावरून हंगामातले शेवटचे उसाचे ट्रॅक्टर कर्कश गाणी लावून जात असतात. कडुनिंबाचा पाला झडून गच्चीवर साचतो. प्रॅक्टिकल परीक्षा आली हे मला कॅलेंडर न बघता कळतं. यंदाची माझी ही शेवटची. मेअखेर मी निवृत्त होतोय.

या दिवसांची एक रीत आहे. तिला मुलं ‘रीडिंग जुळवणं’ म्हणतात. प्रयोगाचं उत्तर किती यायला हवं, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. मागच्या वर्षीच्या जर्नलांत ते असतं, भानुदासच्या तोंडात असतं. मुलं आधी उत्तर लिहितात आणि मग तिथून उलटं मागं येत रीडिंग लिहितात. वर खरं वाटावं म्हणून एखादं रीडिंग थोडं चुकवतात. किती चुकवायचं हे ज्याला कळतं, तो हुशार. भानुदास टेबलांमधून फिरता फिरता कुणाच्या तरी कानाशी पुटपुटतो, ‘साडेआठावर थांब.’ बाहेरून आलेल्या परीक्षकांना चारची एसटी धरायची असते. सगळ्यांना सगळं माहीत असतं. कुणाला त्यात पाप वाटत नाही, आणि खोटं कशाला बोलू, मलाही फारसं वाटायचं नाही. पोरं पास व्हावीत एवढंच वाटायचं.

आणि हाच मी घरी गेलो की दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या आकड्यासाठी जीव टाकायचो.

माझ्या नावावर आयुष्यातलं एकच काम आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी एका छोट्या रेणूबद्दल एक भाकीत केलं. त्या रेणूत हायड्रोजनचा एक अणू असतो आणि त्याला बसायला दोन सारख्या जागा असतात. मधे चढ आहे. तो चढून पलीकडं जाण्याइतकी ताकद त्या अणूत नाही. तरी तो पलीकडं जातो, चढाच्या पोटातूनच. असं होत असेल तर रेणूला भयंकर थंड करून त्यावर प्रकाश टाकल्यावर जिथं एक रेषा दिसायला हवी, तिथं दोन दिसतील. दोन रेषांमधलं अंतर किती, ते मी हिशेबानं काढलं होतं. तेवीस. कशाचे तेवीस, ते एकक इथं सांगून उपयोग नाही. एवढंच लक्षात ठेवावं की माझा आकडा तेवीस होता.

तो काढायला मला चार उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. तेलगावजवळच्या आमच्या गावी भाऊ उसाला पाणी धरायचा आणि मी ओसरीवर कागद पसरून बसायचो. वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यांवर भुईमुगाच्या शेंगांची पाटी ठेवायचो. कॉलेजच्या ऑफिसात एक संगणक होता. पगारपत्रकं झाली की मला तो मिळायचा. लेख परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला. त्या आठवड्यात मी अंबाजोगाईच्या मंडी बाजारातून उगीचच दोन चकरा मारल्या. कुणाला काय सांगणार होतो, कोण जाणे.

मग वाट बघणं सुरू झालं. हे बरंचसं आमच्या कामाचं प्राक्तन आहे. आम्ही कागदावर सांगायचं, की असं असेल. मग कुठल्या तरी दूरच्या प्रयोगशाळेत कुणाला तरी ते करून बघावंसं वाटलं पाहिजे, त्याच्याकडं तसं यंत्र पाहिजे, तेवढी थंडी पाहिजे, तेवढा वेळ पाहिजे. तोवर तुमचं खरंही नसतं आणि खोटंही नसतं. माझ्या लेखाचा उल्लेख अधूनमधून कुणी करायचं आणि पुढं ते ठरलेलं वाक्य यायचं : ‘प्रायोगिक पडताळणी अद्याप बाकी आहे.’ माझी मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली, तिचं लग्न झालं. ते वाक्य तसंच राहिलं. बायको कधी कधी विचारायची, ‘झालं का हो तुमचं ते?’ आणि मी ‘अजून नाही’ म्हणायचो. पुढं पुढं तिनं विचारणं सोडून दिलं. त्याचंही मला वाईट वाटायचं.

हे सगळं मी एकदा महेबूबभाईंना समजावून सांगितलं होतं. बसस्टँडमागं त्यांचं गॅरेज आहे, डिझेल पंपाच्या कामात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. माझी मोटरसायकल उघडून बसले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंजे दोन घरं करून ऱ्हायलेला माणूस. पर सर, ह्ये बघितलं कुनी?’

‘अजून कुणी नाही.’

‘मग तुमाला कसं कळलं?’

‘हिशेबानं.’

त्यांनी चिंधीला हात पुसले. ‘आपलं तसं न्हाई. गाडी चालू झाल्याबिगर मी दुरुस्त झाली मनत न्हाई.’

यास्मिन ही त्यांची मुलगी. बी. एस्सी.ला माझ्याकडं होती. बारीक अंगाची, ओढणी घट्ट बांधून टेबलाशी उभी राहणारी. तिच्या वर्गात ती एकटीच रीडिंग घ्यायची. बाकीची मुलं तासाभरात जर्नल भरून कॅंटीनला जायची आणि ही डोळे ब्युरेटच्या पातळीला आणून थेंब मोजत बसायची. भानुदास तिला चिडवायचा, ‘पोरी, ते पानी तुज्याकडं बघून लाजंल आता.’ ती हसायची, पण थेंब सोडायची नाही. बापाकडून आलेलं असणार ते.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा दिवस मला लख्ख आठवतो. तिच्या वाट्याला क्रियेचा वेग काढायचा प्रयोग आला होता. मिश्रण करून ठेवायचं, दर दहा मिनिटांनी त्यातलं थोडं काढून बर्फात टाकायचं म्हणजे क्रिया तिथंच थांबते, आणि मग किती झालंय ते मोजायचं. बर्फ भानुदासनं खालच्या रसवंतीवरून स्टीलच्या डब्यात आणला होता. त्याला उसाच्या रसाचा आणि भुशाचा वास होता. वर स्लॅब तापलेला, पंखा गरम हवाच फिरवत होता. परीक्षक घड्याळ बघत होते. यास्मिन माझ्याजवळ आली. तिच्या वहीचा कागद घामानं बोटांना चिकटत होता.

‘सर, माझं जास्त येतंय. दुपटीच्या वर.’

‘परत कर.’

‘केलंय सर. दोनदा केलंय. तेवढंच येतंय.’

माझ्या पुढ्यात परीक्षकांचा कागद होता, त्यावर पुस्तकातलं उत्तर लिहिलेलं होतं. खाली सही झालेल्या वह्यांचा ढीग. मी तिच्या वहीकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणालो, ‘जुळवून टाक.’

ती जागेवर गेली आणि खोडरबर काढलं. तिला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले.

सगळे गेल्यावर मी खिडक्या लावत होतो. भिंतीवरच्या तापमापकाकडं सहज लक्ष गेलं. छत्तीस. पुस्तकातलं उत्तर पंचवीस अंशांचं असतं. ते लिहिणाऱ्यांच्या गावात मार्चमध्ये दुपारी पंचवीस अंश असत असतील, आमच्याकडं नसतात. आमच्याकडं पाणी तापवणारं यंत्र होतं, थंड करणारं नव्हतं. छत्तिसाला क्रिया दुपटीहून जास्त वेगानं होणारच. हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होतो, आणि तरी आमच्या खोलीत बसून दुसऱ्याच हवेचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेत होतो. मला आजवर शेकडो मुलांनी जुळवलेलं उत्तर दिलं. त्या दुपारी एकीनं खरं दिलं होतं आणि मी तिला ते खोडायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. निकाल लागला, ती पेढे घेऊन आली, तेव्हाही सांगितलं नाही.

ती पुढं विद्यापीठात गेली, तिथून परदेशात. तिला नेमकं माझ्या भाकिताला लागतं तसलंच काम मिळालं. रेणूंची बारीक धार निर्वात नळीत सोडायची, त्यांना आकाशातल्या पोकळीइतकं थंड करायचं आणि लेसरनं विचारायचं, सांगा, तुमच्या रेषा किती. तीन वर्षांपूर्वी तिचा फोन आला. ‘सर, तुमचा रेणू घेतलाय मी. माझ्या साहेबांना पटवलं. इतकी वर्षं कुनी बघितलं न्हाई, आपन बघू म्हटलं.’

त्या दिवशी मला आनंद झाला होता, फार झाला होता. त्याच्या खाली काहीतरी टोचत होतं, ते काय आहे हे बघायचं मी टाळलं.

यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षेची तयारी चालू असताना, मोबाईलवर तिचा निरोप आला. ‘सर, दोन रेषा दिसल्या. अंतर तेवीस.’

मी भानुदासला दाखवला, तिथंच चुकलो. तासाभरात सगळ्या कॉलेजात झालं. प्राचार्यांनी हार आणवला. दुपारी महेबूबभाई गॅरेजच्या कपड्यांतच पेढे घेऊन तीन जिने चढून आले. पांढरी दाढी, हातांना ग्रीस. म्हणाले, ‘सर, गाडी चालू झाली मनायची.’ मी त्यांचे हात हातात घेतले. पेढा तोंडात घातला आणि निरोप उघडून तो आकडा परत बघितला.

तेवीस. चोवीस नाही, साडेबावीस नाही. खडखडीत तेवीस. वीस वर्षांपूर्वी आमच्याकडं होता तसल्या संगणकावर, इतक्या गोष्टी गृहीत धरून काढलेला आकडा इतका बिनचूक उतरेल, असं मी स्वतःही मानत नव्हतो. लेखात तसं लिहिलंही होतं, दोन-तीन इकडंतिकडं होऊ शकतं म्हणून. आणि ज्या मुलीनं तो मोजला, तिला मीच शिकवलं होतं. तिला रीडिंग घ्यायला मी शिकवलं नव्हतं, ते ती घेऊनच आली होती. मी शिकवलं होतं ते दुसरंच. माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक उत्तर आलं होतं आणि ते खरं आहे की माझ्याच एका शब्दानं जुळवलेलं आहे, हे मला कळत नव्हतं.

विचारायचं कसं, हा प्रश्न होता. विचारणं म्हणजे तिच्यावर आळ घेणं. तिथं तिची नोकरी त्या मोजमापावर उभी. न विचारणं म्हणजे हार घालून घेऊन घरी जाणं. तीन दिवस मी प्रॅक्टिकल घेत होतो. मुलं उत्तरं जुळवत होती, मी सह्या करत होतो. चौथ्या दिवशी रविवार होता. दुपारी जेवण टाकून मी तिला फोन लावला.

‘यास्मिन, मूळ रीडिंग पाठवशील का? सगळी, पहिल्या दिवसापासूनची.’

तिनं विचारलं, ‘कावून सर? तुमाला खोटं वाटतंय का?’

‘तुझ्यावर शंका नाही. माझ्यावर आहे. मी एकदा तुला जुळव म्हटलं होतं. तुझं उत्तर बरोबर होतं त्या दिवशी.’

‘माहीत हाय सर,’ ती म्हणाली. ‘खोली गरम होती. मला तवाच कळलंतं.’

बारा वर्षं मी जे पोटात ठेवलं होतं, ते तिला पहिल्याच दुपारी ठाऊक होतं. मला माफी मागायची होती. त्याआधी तीच बोलली, आणि आता तिचा आवाज उतरला होता.

‘सर, मी काही खोडलं न्हाई. खरंच न्हाई. पर एक सांगते. पहिल्यांदा एकोनतीस आलं. मला वाटलं, सरांचं तेवीस हाय म्हंजे आपलंच काहीतरी चुकलं. आरसे तपासले, परत केलं. अठ्ठावीस आलं. परत सगळं तपासलं. आठ दिवस तपासत होते. मग एकदा तेवीस आलं.’

‘आणि मग?’

‘मग थांबले.’

‘का थांबलीस?’

‘तुमचं जुळलं म्हनून.’

तिनं एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. चुकलंय असं वाटलं की शोधत राहिली आणि बरोबर वाटलं की शोधायचं थांबली, एवढंच. माझ्यावरच्या मायेनं थांबली. प्रयोगशाळेत मायेनं काय काय होतं, हे मला आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहूनही कळलं नव्हतं.

मग मी तिला आठवण करून दिली. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेचा कोपरा दुमडून चिकटवायचे, आत मुलाचा नंबर. तपासणाऱ्याला पेपर कुणाचा ते कळू नये म्हणून. ‘तसं कर,’ मी म्हटलं. ‘तुझ्या सोबतच्या कुणाला तरी सांग, की यंत्र दाखवेल त्या अंतरात गुपचूप एक आकडा मिळवून ठेव आणि तो मला सांगू नको. तू मोज. यंत्र तपास, परत मोज. तुझं समाधान झालं की मग कोपरा फाड, तो आकडा विचार आणि वजा कर.’

‘इथं काही लोक करतात सर तसं.’

‘मग तू का नाही केलंस?’

‘तुमचा आकडा होता. तो झाकायचा असतोय, हे मनातच न्हाई आलं.’

फोन ठेवताना मी माफी मागितली. ती ‘असू द्या सर’ म्हणाली नाही, ते मला बरं वाटलं.

त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. प्रॅक्टिकल संपली. भानुदासनं ब्युरेटी कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या. उसाचे ट्रॅक्टर बंद झाले आणि रस्ता एकाएकी मोकळा वाटायला लागला. बाजारात कलिंगडांचे ढीग लागले. महेबूबभाई रस्त्यात भेटले की हात वर करायचे आणि मीही करायचो. त्यांना काही सांगायची हिंमत झाली नाही. आपलं भाकीत खरं ठरावं असं मला अजून वाटत होतं. लाज वाटायची, पण वाटत होतं. सकाळी गच्चीत झाडांना पाणी घालताना मी मनाशी म्हणायचो, तेवीसच येऊ दे, पण खरं येऊ दे. दोन्ही एकदम मागता येत नाही, हे चाळीस वर्षं शास्त्र शिकलेल्या माणसाला कळायला हवं.

काल दुपारी तिचा फोन आला.

‘कोपरा फाडला सर.’

‘किती?’

‘अठ्ठावीस. पाच वेळा मोजलं, पाची वेळा तिथंच. तेविसाच्या दिवशी एक आरसा जरा वाकडा बसलाता. ते रीडिंग बिघडलेल्या मशीनचं होतं.’

मला वाईट वाटलं. चार उन्हाळे, ती ओसरी, ते कागद, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि फार वाईट वाटलं. रेषा दोनच होत्या, तेवढं माझं खरं निघालं. अणू चढाच्या पोटातून जातो. पण किती, ते मला आलं नव्हतं. वीस वर्षं मी ज्या आकड्याची राखण केली, तो चुकीचा होता, आणि हे मला माझ्याच विद्यार्थिनीनं न जुळवता सांगितलं. वाईट वाटण्याच्या आतच कुठंतरी मोठा आधार मिळाल्यासारखंही वाटत होतं.

ती घाईघाईनं म्हणाली, ‘पेपरात मी मोघम लिहिते सर. आधीच्या हिशेबापेक्षा थोडं जास्त आलं, एवढंच. कुनाचं नाव घालत न्हाई.’

‘नाव घाल.’

‘लोक वाचतील सर.’

‘वीस वर्षं वाचायचं राहिलंय त्यांचं. वाचू दे.’

‘तेवीस लिहू?’

‘तेवीस लिही. शेजारी तुझं अठ्ठावीस लिही. आणि माझं चुकलं, हे स्पष्ट लिही.’

तिकडून टाईप केल्याचा आवाज यायला लागला. मधेच तिनं माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगत गेलो.